बैठक किती उंच असावी?

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील घरांची बांधणी गेल्या दोन पिढ्यांत पुष्कळ बदलली. कारवीच्या कुडाच्या, शेणामातीने लिंपलेल्या भिंतींच्या जागी विटांच्या भिंती आल्या. सारवलेल्या जमिनीवर फरशी बसली. ओटीचे काम आता बाहेरची खोली करते, तिला 'हॉल' म्हणतात, आणि हॉल म्हटला की सोफा आलाच. सोफ्यांच्या तऱ्हांमध्ये एक तऱ्हा अनेकांना भुरळ घालते. जमिनीलगत बसलेला, पाय नसलेला किंवा बोटभर पायांचा, खोल आणि मऊ असा हा बुटका सोफा. तो दिसायला ऐसपैस असतो, खोली त्यामुळे मोठी भासते आणि मुलांना त्यावर मनसोक्त लोळता येते.

असा सोफा घेताना आपण रंग पाहतो, कापड चाचपतो, किंमत पाडून मागतो. बैठकीची उंची मात्र सहसा मोजत नाही. एखादा टेप लावतो तो खोलीत सोफा मावेल का, हे पाहण्यासाठी. सोफ्यात माणूस मावतो का, हा प्रश्न राहूनच जातो. घरातली आजी त्या सोफ्यावर बसते आणि उठायच्या वेळी कोणाच्या तरी हाताची वाट पाहत राहते, तेव्हा तो प्रश्न पुढे येतो. तोवर पैसे दिलेले असतात.

बैठकीची उंची ही केवळ आवडीनिवडीची बाब नाही. तिच्यामागे तरफेचे, गुरुत्वमध्याचे आणि शरीराच्या मापांचे साधे विज्ञान आहे. नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला ते सहज समजेल आणि घरी वापरता येईल, म्हणून आम्ही ते येथे मांडत आहोत.

पाट, ओटी आणि बाज

आपल्याकडे बसण्याच्या उंच-सखल जागा पूर्वीही होत्याच. जेवायला दोन-चार बोटे उंचीचा पाट. पाहुण्यांसाठी भिंतीलगत अंथरलेली गादी आणि तिच्यावर लोड-तक्के, म्हणजे भारतीय बैठक. अंगणात काथ्याने किंवा सुताने विणलेली बाज. आणि ओटीची कड, जिच्यावर पाय खाली सोडून बसता येते. शेताच्या बांधावर तर काहीच लागत नाही. माणूस उकिडवा बसतो आणि गप्पा सुरू होतात.

उकिडवे बसणे हे मागासलेपणाचे लक्षण नव्हे. गॉर्डन ह्यूझ या अमेरिकी मानवशास्त्रज्ञाने जगभरच्या लोकांच्या बसण्या-उभे राहण्याच्या पद्धती गोळा करून १९५५ मध्ये त्यांवर लेख प्रसिद्ध केला. जगातील निदान एक चतुर्थांश माणसे विसाव्यासाठी सवयीने उकिडवी बसतात, असा त्याचा अंदाज होता. खुर्ची ही माणसाची नैसर्गिक गरज नसून ती बऱ्याच अंशी एक सवय आहे, हे त्याच्या कामातून पुढे आले.

बुटका सोफा मात्र वेगळ्या वाटेने आला. जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये पॉलियुरेथेन या बहुवारिकाचा शोध लावला. १९५० च्या दशकात त्याचा मऊ फोम कारखान्यांतून निघू लागला. लाकडी सांगाडा आणि स्प्रिंगा यांच्याशिवाय नुसत्या फोमच्या जाड थरांतून आसन बनवणे त्यामुळे शक्य झाले. फ्रान्समध्ये १९७३ साली मिशेल ड्युकारोय यांनी रचलेला 'टोगो' नावाचा सोफा हे याचे गाजलेले उदाहरण. त्याला आतून सांगाडाच नाही आणि तो थेट जमिनीवर बसतो. दिवसभर टेबल-खुर्चीवर काम करणाऱ्या माणसाने संध्याकाळी अंग सैल सोडून पडावे, ही त्यामागची कल्पना.

आपल्याकडे क्रम उलटा आहे. जमिनीवर बसणे कठीण होऊ लागले, गुडघे कुरकुरू लागले, म्हणून घरात सोफा येतो. आणि तोच सोफा जमिनीलगतचा निघाला, तर ज्यासाठी तो आणला ते काम होतच नाही.

काम थोडे, आघूर्ण मोठे

आधी एक हिशेब करू. समजा, ५० किलो वस्तुमानाची व्यक्ती एकदा ४५ सें.मी. उंचीच्या खुर्चीवरून उठली आणि एकदा ३० सें.मी. उंचीच्या सोफ्यावरून. दुसऱ्या वेळी तिला शरीर १५ सें.मी. जास्त उचलावे लागले. जादा कार्य = वस्तुमान × गुरुत्वत्वरण × उंची = ५० × ९.८ × ०.१५ = सुमारे ७४ ज्यूल. स्नायूंची कार्यक्षमता साधारण पाव धरली, तर शरीराला खर्च येतो ३०० ज्यूलच्या आसपास. दहा ग्रॅम शिजवलेल्या भाताच्या एका घासातून सुमारे ५०,००० ज्यूल ऊर्जा मिळते. म्हणजे एका घासात हा जादा खर्च दीडशेहून अधिक वेळा भागतो.

मग आजीला उठवत का नाही? अडचण ऊर्जेची नाही, अडचण बलाच्या आघूर्णाची आहे. दार कडेला धरून लोटले तर एका बोटाने उघडते. तेच बिजागरीजवळ लोटून पाहा, सारा जोर लावावा लागतो. दोन्ही वेळा कार्य तेवढेच असते. फरक असतो तो बल बिजागरीपासून किती अंतरावर लावले याचा. गुडघा ही अशीच एक बिजागरी आहे, आणि निसर्गाने स्नायूला नेमकी बिजागरीजवळची जागा दिली आहे.

मांडीच्या पुढच्या बाजूचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वाटीमार्फत नडगीच्या हाडाला जोडलेला असतो. गुडघ्याच्या सांध्यापासून त्याच्या ओढीच्या रेषेचे अंतर जेमतेम ४ सें.मी. असते. आता ६० किलोच्या व्यक्तीचा विचार करू. गुडघ्यांच्या वरच्या शरीराचे वस्तुमान सुमारे ५२ किलो, म्हणजे वजन सुमारे ५१० न्यूटन. उठताना, बूड आसनापासून सुटते त्या क्षणी, या वजनाची रेषा गुडघ्याच्या मागे २० सें.मी. अंतरावरून जात आहे असे धरू. आघूर्ण झाले ५१० × ०.२० = १०२ न्यूटन-मीटर. दोन गुडघ्यांत वाटले, तर प्रत्येकी ५१. हे पेलण्यासाठी स्नायूने लावायचे बल = ५१ ÷ ०.०४ = सुमारे १,२७५ न्यूटन. म्हणजे प्रत्येक मांडीच्या स्नायूला जवळजवळ १३० किलोच्या वजनाइतकी ओढ द्यावी लागते. स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून अधिक!

हेच अंतर २० ऐवजी १० सें.मी. असते, तर ओढ निम्मी झाली असती. म्हणून उठणे सोपे की अवघड हे मुख्यतः एका गोष्टीवर ठरते. वजनाची रेषा गुडघ्यापासून किती मागे आहे?

उंच आसनावर मांड्या पुढे उतरत्या असतात. गुडघा फार दुमडलेला नसतो आणि शरीर जरासे पुढे झुकले की वजन पावलांवर येते. बुटक्या आसनावर गुडघे कमरेच्या वर जातात, धड मागे कलंडते, गुरुत्वमध्य मागे पडतो. शिवाय खूप दुमडलेल्या गुडघ्यात स्नायूला जोर लावायला सोयीची स्थिती राहत नाही. अमेरिकेत १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आसनाची उंची बदलत नेऊन हे मोजण्यात आले. सर्वांत उंच आसनाच्या मानाने सर्वांत बुटक्या आसनावरून उठताना गुडघ्यावरचे कमाल आघूर्ण जवळजवळ दुप्पट होते, असे आढळले.

तरुण माणसाच्या स्नायूंकडे शिल्लक ताकद भरपूर असते. दुप्पट आघूर्ण त्याला जाणवतही नाही. वय वाढते तशी ही शिल्लक आटत जाते. सत्तरीच्या बाईला ४२ सें.मी.च्या खुर्चीवरून उठताना ताकदीचा मोठा वाटा खर्च करावा लागत असेल, तर ३० सें.मी.च्या सोफ्यावर तिचा हिशेब तुटीत जातो.

मग जमिनीवरून कसे उठतो?

येथे चौकस विद्यार्थी हटकून विचारील, "बुटका सोफा ३० सें.मी. उंच, पण जमीन तर शून्य सें.मी.! आमची आजी जमिनीवरून उठते, मग सोफ्यावरून का नाही?" प्रश्न चांगला आहे. उत्तर शोधण्यासाठी जमिनीवरून उठणाऱ्या माणसाकडे नीट पाहावे.

जमिनीवर मांडी घालून बसलेली आजी सरळ वर उठत नाही. ती आधी एका कुशीला वळते. एक हात जमिनीवर टेकते. एक पाय शरीराखाली घेते, गुडघा टेकते, मग दुसरे पाऊल रोवते आणि त्या उभ्या गुडघ्यावर हात दाबून वर येते. या साऱ्या हालचालींत दोन गोष्टी साधल्या जातात. पाऊल शरीराच्या बरोबर खाली येते, त्यामुळे वजनाची रेषा मागे राहत नाही. आणि हाताला टणक आधार मिळतो, त्यामुळे गुडघ्यांचा भार वाटला जातो.

बुटक्या सोफ्यावर या दोन्ही गोष्टी हिरावल्या जातात. सोफ्याची पुढची बाजू जमिनीपर्यंत बंद असते, म्हणून टाचा मागे घेता येत नाहीत. पावले पुढे आणि शरीर मागे, अशी स्थिती होते. बैठक खोल असल्याने पाठ टेकून बसलेल्या माणसाला आधी कडेपर्यंत सरकत यावे लागते. हात टेकावा तर तो फोममध्ये रुततो. सोफ्याला हात असलेच तर तेही तितकेच बुटके आणि मऊ असतात. म्हणजे जमिनीची मोकळीक गेली आणि खुर्चीचा आधार मिळाला नाही. बुटक्या सोफ्याचा खरा दोष त्याच्या उंचीत जेवढा आहे, तेवढाच या अडवणुकीत आहे.

बाज याच्या नेमकी उलट. तीही फार उंच नसते आणि मधोमध झोळ पडलेला असतो. पण माणूस तिच्या कडेवर, टणक लाकडी माच्यावर बसतो. खाली मोकळी जागा असल्याने टाचा मागे जातात आणि दोन्ही हातांना लाकूड मिळते. विणकामावर झोप आणि लाकडावर उठबस, अशी ती कामाची वाटणी आहे.

जमिनीवर बसणे सोडूच नये, असाही निष्कर्ष कोणी घाईने काढू नये. ब्राझीलमधील संशोधकांनी ५१ ते ८० वर्षे वयाच्या २,००२ व्यक्तींना जमिनीवर बसून उठायला सांगितले आणि पुढे काही वर्षे त्यांची नोंद ठेवली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, ज्यांना आधाराशिवाय उठता येत होते त्यांच्यात त्या काळातील मृत्यूंचे प्रमाण कमी आढळले. हा संबंध आहे, कारण नव्हे. ज्याचे स्नायू, तोल आणि सांधे चांगले तो सहज उठतो, एवढेच त्यातून नक्की म्हणता येते. दुसरीकडे चीनमध्ये बीजिंगच्या वृद्धांच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तरुणपणी दिवसातून बराच वेळ उकिडवे बसणाऱ्यांमध्ये गुडघ्याच्या संधिवाताचे प्रमाण जास्त दिसले. आपल्या भागात भाताच्या लावणीत बाया दिवसच्या दिवस चिखलात वाकून असतात, चुलीपुढे आणि धुण्याच्या दगडापाशी उकिडव्या बसतात. पन्नाशीनंतर गुडघ्याचा संधिवात पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो, हेही माहीत असलेले सत्य आहे. ज्यांना जमिनीवर बसता येते त्यांनी जरूर बसावे. ज्यांना येत नाही, त्यांच्यासाठी घरात एक तरी योग्य उंचीची जागा असावी.

ही बाब किरकोळ नाही. उठताना त्रास होणारा माणूस हळूहळू कमी वेळा उठू लागतो. पाणी प्यायला, ओटीवर यायला, शेजारी जायला तो टाळाटाळ करतो. न वापरलेले स्नायू आणखी दुबळे होतात आणि उठणे आणखी अवघड होते. या चक्राची सुरुवात अनेकदा अशाच साध्या गोष्टीतून होते, आणि ते लांबवण्याचा एक उपायही तितकाच साधा आहे. बसण्याची जागा मापाची निवडावी.

माप सोफ्याचे नव्हे, पायाचे

योग्य उंची म्हणजे किती? तिचे उत्तर दुकानात नसून आपल्या पायात आहे. पावले जमिनीवर सपाट टेकून, नडगी उभी ठेवून बसावे आणि जमिनीपासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंतची, म्हणजे तेथील खोलगट भागापर्यंतची, उंची मोजावी. ही झाली आपली 'गुडघा-उंची'. ती साधारणपणे माणसाच्या एकूण उंचीच्या पावपट असते. भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सें.मी. आहे. म्हणजे गुडघा-उंची ३८ सें.मी.च्या आसपास.

या आकड्यातून एक गमतीची गोष्ट निघते. अनेक खुर्च्या आणि सोफे ४३ ते ४५ सें.मी. उंचीचे असतात. त्यांच्यावर आपल्याकडील अनेक स्त्रियांचे पाय पुरते टेकत नाहीत. आसनाची कड मांडीखाली रुतते, पायांना मुंग्या येतात, म्हणून त्या पाय वर घेऊन मांडी घालून बसतात. तेव्हा थोडा बुटका सोफा आपल्याकडे मुळीच वाईट नाही. ३८-४० सें.मी.ची बैठक अनेक घरांना शोभेल. चूक होते ती ३० सें.मी. आणि त्याखाली उतरताना.

भारतीयांच्या शरीराच्या मापांवरील देवकुमार चक्रवर्ती यांचे पुस्तक अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. खुर्ची, बाक, यंत्रे ही आपल्या माणसांच्या मापाने घडवावीत, हा त्यामागील हेतू. पण एका घरासाठी सोफा निवडताना देशाच्या सरासरीची गरज नाही. घरातील पाच-सहा माणसे समोरच असतात, त्यांनाच मोजावे.

समजा, एका घरात गुडघा-उंची अशी भरली: आजी ३७, आई ३९, वडील ४२ आणि अकरावीतला मुलगा ४३ सें.मी. बैठक कोणाच्या मापाची घ्यावी? सरासरी ४० येते, पण येथे सरासरी हा निकष योग्य नाही. ज्याला सर्वांत अवघड जाते, त्याच्यावरून ठरवावे. आजीची पावले टेकली पाहिजेत आणि तिला उठताही आले पाहिजे. तेव्हा माणूस बसल्यावर बैठक ३७ ते ३९ सें.मी. राहावी. मुलाला ती चार-पाच सें.मी. कमी पडेल, पण त्याच्या मांड्यांत ताकद आहे. त्याचे काही बिघडत नाही.

'माणूस बसल्यावर' हे शब्द महत्त्वाचे आहेत. दुकानदार सांगतो ती उंची रिकाम्या सोफ्याची. मऊ फोम बसल्यावर सहज पाच-सात सें.मी. दबतो. ४० सें.मी.चा सोफा प्रत्यक्षात ३४ चा होतो आणि ३२ चा २६ वर येतो. म्हणून दुकानात एकाने बसावे आणि दुसऱ्याने जमिनीपासून मांडीच्या खालच्या बाजूपर्यंत टेप लावावा.

दुसरे माप खोलीचे, म्हणजे बैठकीच्या पुढच्या कडेपासून पाठीपर्यंतच्या अंतराचे. पाठ टेकून बसल्यावर कड आणि गुडघ्याची लवण यांच्यात तीन-चार बोटे जागा उरली पाहिजे. बहुतेक मोठ्यांना ४२ ते ४८ सें.मी. खोली पुरते. ऐसपैस सोफ्यात ती ६० सें.मी.च्या आसपास असते. अशा सोफ्यावर आजीची पाठ टेकली तर पाय हवेत राहतात, आणि पाय टेकले तर पाठ अधांतरी. असा सोफा घरात असेलच, तर पाठीशी एक टणक लोड ठेवून खोली कमी करता येते. लोड-तक्क्यांचा हा जुना उपयोग येथे पुन्हा कामी येतो.

खोलीच्या आकाराचाही विचार हवा. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर ठरवलेले आहे. तीन माणसांचा ऐसपैस सोफा २.२ मीटर लांब आणि ०.९५ मीटर रुंद असला, तर तो २ चौरस मीटरहून जास्त जागा अडवतो. म्हणजे घराचा बारावा हिस्सा एका वस्तूला दिला! त्याच जागेत रात्री दोघे झोपतात, दिवसा मुले अभ्यास करतात आणि भाद्रपदात गणपतीची आरास होते.

फोमचा हिशेब

फोम घेताना '३२ डेन्सिटी', '४० डेन्सिटी' असे शब्द कानावर पडतात. हा आकडा म्हणजे फोमची घनता, एका घनमीटर फोमचे किलोग्रॅममधील वस्तुमान. घनता म्हणजे कडकपणा नव्हे. त्याच घनतेचा फोम मऊही असू शकतो आणि कडकही. घनता जास्त असली की साधारणपणे फोम जास्त दिवस आकार टिकवतो. हलका फोम वर्ष-दोन वर्षांत बसतो, आणि आधीच बुटका सोफा आणखी खाली जातो.

दुकानदाराचा आकडा विद्यार्थ्याला घरी तपासता येतो. १० सें.मी. लांब, तेवढाच रुंद व तेवढाच उंच असा फोमचा ठोकळा कापून घ्यावा. त्याचे घनफळ १,००० घन सें.मी., म्हणजे एक लिटर, अर्थात घनमीटरचा हजारावा भाग. ३२ घनतेच्या फोमचा असा ठोकळा बरोबर ३२ ग्रॅम भरला पाहिजे. तो २२ ग्रॅम भरला, तर काय समजायचे ते सांगायला नको.

कापसाच्या गादीचा गुण वेगळा. ती दबून टणक होते, पण पिंजून पुन्हा भरता येते आणि उन्हात टाकता येते. आपल्या रानातील सावरीचा कापूस उशीला उत्तम. बैठकीला मात्र तो लवकर चेपतो.

पावसाळा आणि सोफ्याखालची फट

शहापूर-मुरबाड भागात चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. भाटसा, तानसा, वैतरणेचे जलाशय भरणारा हाच पाऊस घराच्या जमिनीत ओल चढवतो. जमिनीला चिकटून बसलेल्या सोफ्याखाली हवा खेळत नाही. केशाकर्षणाने फरशीतून वर आलेली ओल तेथेच अडते, बुरशी धरते आणि कुबट वास सुटतो. सोफ्याचा सांगाडा भुश्श्याच्या दाबलेल्या फळीचा असेल, तर ती पाणी पिऊन फुगते आणि खिळे सुटतात. सागाचे किंवा चांगल्या प्लायवूडचे पाय हे सहन करतात. सोफा भिंतीपासून चार बोटे पुढे ठेवला आणि खोळी काढून धुता येतील अशा घेतल्या, तर निम्मे काम होते.

ग्रामीण घरात याला आणखी एक बाजू आहे. सोफ्याखाली तीन-चार बोटांची अंधारी फट राहिली, तर तेथे झाडू पोहोचत नाही, पण उंदीर पोहोचतो आणि उंदरामागे साप. विंचवालाही असा आडोसा प्रिय. मण्यार हा अतिविषारी साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्यांना त्याचा दंश होण्याच्या घटना पावसाळ्यात अधिक घडतात. म्हणून सोफ्याखालची जागा एक तर पूर्ण बंद आणि सांधेबंद असावी, नाही तर निदान १५ सें.मी. मोकळी असावी, म्हणजे झाडू आणि नजर दोन्ही आत जातील. दुसरा पर्याय आम्हांला जास्त पसंत आहे. त्यात हवा खेळते आणि टाचाही मागे घेता येतात. एका बदलाने तीन अडचणी सुटतात.

हे सारे एकत्र केले, तर निवड फार अवघड राहत नाही. बसल्यावर ३७ ते ४० सें.मी. राहणारी, फार मऊ नसलेली बैठक. खोली ४८ सें.मी.पर्यंत, खाली मोकळी जागा. निदान एका बाजूला बैठकीपेक्षा १८-२० सें.मी. उंच, टणक लाकडी हात. गावातील सुताराला हे आकडे लिहून दिले, तर तो असे आसन किंवा दिवाण सहज बनवून देईल. आणि बुटका सोफाच आवडत असेल, तर तो मुलांसाठी जरूर घ्यावा. फक्त त्याच खोलीत योग्य उंचीची, हात असलेली एक खुर्चीही ठेवावी, म्हणजे आजीला गप्पांमधून उठून आत जावे लागणार नाही.

वर्गात करून पाहण्यासाठी

१. प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील सर्वांची एकूण उंची आणि गुडघा-उंची मोजून आणावी. फळ्यावर तक्ता करून दोहोंचे गुणोत्तर काढावे. ते खरोखर पावपट येते का? लहान मुलांत आणि मोठ्यांत फरक दिसतो का? वर्गातील बाकांची उंची कोणाच्या मापाची आहे?

२. विटा किंवा पाट घट्ट रचून ४५, ४०, ३५ आणि ३० सें.मी. उंचीची आसने करावीत. हात छातीशी घडी घालून विद्यार्थ्याने प्रत्येकावरून उठून पाहावे. मग टाचांच्या मागे जड खोके ठेवून टाचा मागे नेणे बंद करावे आणि पुन्हा उठावे. उंची तीच असूनही काय बदलले, ते लिहावे. बाजूने पाहणाऱ्याने नाक, गुडघा आणि पावलाचे टोक यांच्या जागा टिपाव्यात.

३. साध्या खुर्चीवरून हात न वापरता ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता येते, ते मोजावे. वृद्धांच्या पायांतील ताकद तपासण्यासाठी ही चाचणी डॉक्टर वापरतात आणि तिच्यासाठी सुमारे ४३ सें.मी. उंचीची खुर्ची घेतात. उंची ठरवून दिलेली का असते, याचे उत्तर विद्यार्थी आता देऊ शकतील. हे प्रयोग मुलांनी आपसांतच करावेत. घरातील वृद्धांना प्रयोगासाठी उठबस करायला लावू नये. त्यांचे फक्त माप घ्यावे.

विद्यार्थी घरी जाऊन आजीची गुडघा-उंची मोजतील, तेव्हा आजी विचारील, "हे कशाला रे?" त्या प्रश्नाचे उत्तर मुलांना आकड्यांनिशी देता आले, तर तरफेचा धडा त्यांना खरोखर समजला असे म्हणता येईल.